परतफेऱ्या

व्हर्न कीव्हिस्टोनं एकोणीस हिवाळे बर्फ ढकलणारा ट्रक चालवला आणि त्या एकोणीस हिवाळ्यांत त्यानं एकाही माणसाला धक्का लावला नाही. हे डेपोतल्या सगळ्यांना माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, काउंटीच्या दप्तरात लिहिलेलं होतं. फक्त व्हर्नला ते पटत नव्हतं.

ट्रकच्या तोंडाला बारा फुटी फाळ, उजव्या अंगाला पंखासारखा आणखी एक, मागे मीठ-वाळूची पेटी. असलं धूड घेऊन गोठलेल्या रस्त्यावरून गेलं की धक्के बसणारच. कधी बर्फाचं ढेकूळ, कधी डांबराला आलेला फुगवटा, कधी कुणाची टपालपेटी. बाकीचे ड्रायव्हर एक शिवी हासडून पुढे जात. व्हर्नला मात्र शंका यायची. माणूस तर नसेल? गाडी बंद पडली म्हणून कुणी चालत निघालं असेल, वादळात दिसलं नसेल, आणि फाळानं त्याला उचलून कडेच्या ढिगात पुरलं असेल तर? तो आरशात बघायचा. आरशात नुसता पांढरा धुरळा. मग पुढच्या वळणावर ट्रक फिरवायचा, मागे यायचा, उतरून फावड्यानं ढीग उकरायचा. काही नसायचं. हायसं वाटायचं, पण ते ट्रकमध्ये परत चढेपर्यंतच. चढला की वाटायचं, डावीकडचा ढीग नीट उकरला का आपण? आणि आत्ता परत येताना जो धक्का बसला, तो कशाचा होता?

डुलूथ शहराच्या उत्तरेला पाऊण तासावर साल्मी नावाचं गाव आहे, तिथे तो आणि डार्ला राहत. डार्ला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पोरंबाळं नव्हती. व्हर्न घरी आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "टाऊन हॉलजवळ एक धक्का बसला गं. काही नसेल ना?"

"नाही रे व्हर्न. काही नव्हतं."

"पण तू कुठं होतीस तिथं?"

"असतं तर एव्हाना गावभर झालं असतं."

एवढ्यानं पूर्वी भागायचं. मग भागेना. तो तिला शपथ घ्यायला लावायचा. रविवारी पिकअपमध्ये घालून तिला त्या जागी न्यायचा. शेरिफच्या ऑफिसात त्यानं इतक्यांदा फोन केला होता की टेबलावरची बाई आवाजावरूनच म्हणायची, "व्हर्न, आज कुणी मेलेलं नाही. जेवून घे."

मागच्या फेब्रुवारीत मात्र गोष्ट हसण्यापलीकडे गेली. सकाळी दहाच्या सुमाराला, भर वादळात, दोन मैलांच्या एकाच पट्ट्यावर व्हर्न तीनदा मागे फिरला. त्याच्या पुढचा रस्ता तसाच बर्फाखाली राहिला. आणि त्या रस्त्यावर एक ॲम्ब्युलन्स रुतून बसली. आत आल्विन तुओमी होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, छातीत कळ आलेले. पंचवीस मिनिटांनी दुसऱ्या डेपोचा ट्रक आला तेव्हा कुठे ती निघाली. तुओमी वाचले, पण त्यांच्या हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला.

डेपोचा मुकादम ड्वेन हा व्हर्नच्या बरोबरीचा. तो म्हणाला, "तुला काढत नाहीये मी. पण चावी दे."

व्हर्ननं चावी दिली आणि तो वर्कशॉपमध्ये फाळांची पाती बदलायला लागला.

या दुखण्याला ओसीडी म्हणतात, आपल्याकडे मंत्रचळ म्हणतील. एकच शंका मनात ठाण मांडून बसते, आणि ती शमवायला माणूस जे काही करतो त्यानंच ती आणखी माजते. हे व्हर्नला डुलूथच्या कॉरिन बोलिओनं सांगितलं. ती थेरपिस्ट होती, पन्नाशीची, गुडघे दुखत असल्यामुळे कायम जरा वाकडी बसणारी. तिची रीत साधी होती : धक्क्यावरून गाडी न्यायची आणि मागे फिरायचं नाही. शंका पेटेल, वर चढेल, आणि विझवायला धावला नाहीस तर आपोआप खाली येईल.

व्हर्ननं प्रयत्न केला. चार मिनिटं टिकला. पाचव्या मिनिटाला गाडी वळवून, जिथे धक्का बसला त्या खड्ड्याभोवती तो फिरत होता. सहा वेळा हेच झालं. गोळ्या झाल्या. एकीनं झोप येई, दुसरीनं थोडा उतार पडला, पण थोडाच. सातव्या वेळी तो म्हणाला, "मला नाही जमायचं. तू सांगतेस ते खरं असेल. पण आग लागलेल्या घरात बसून राहा म्हणतेस तू मला."

कॉरिननं वही मिटली. "एक गोष्ट आहे. केटामाइन, गुंगीचं औषध."

"घोड्यांना देतात ते?"

"घोड्यांना, मांजरांना, ऑपरेशनच्या टेबलावर लहान मुलांनासुद्धा. तुला त्याहून पुष्कळ कमी. शिरेतून, चाळीस मिनिटं."

"त्यानं बरा होईन?"

"खोटं सांगत नाही. या दुखण्यासाठी त्याला अजून सरकारी मान्यता नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. प्रयोग झालेत, पण मोजक्या लोकांवर. काहींची शंका काही तासांत ढिली पडते आणि काही दिवस ढिलीच राहते. काहींना काहीच होत नाही. ढिली पडली, तर तेवढ्या दिवसांत आपण गाडी काढायची. घरात बसून राहायचं काम तुझंच आहे, व्हर्न. आग जरा कमी असेल, एवढंच."

"आणि माझा ताबा सुटला, मी कुणाला काही केलं तर?"

"खुर्चीत बसून?"

"उठलो तर?"

कॉरिननं उत्तर दिलं नाही. ती तशी उत्तरं कधीच देत नसे, आणि व्हर्नला तिचा राग यायचा तो त्याचाच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात डार्लानं त्याला डुलूथला नेलं. दवाखाना चढावर होता. खिडकीतून सरोवर दिसत होतं आणि त्यावर लोहखनिज भरायला आलेलं एक लांबलचक जहाज थांबलं होतं. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. मायसी नावाची नर्स होती, आशियाई हमाँग जमातीतली, बुटकी, हलक्या हाताची. तिनं वजन केलं, दंडाला बीपीचा पट्टा बांधला, सुई टोचली.

"वजन बरोबर मोजलंत ना?" व्हर्न म्हणाला.

"मोजलं."

"बूट काढून?"

"बूट काढून."

"म्हणजे डोस त्या हिशेबानं..."

"मायसी, पुन्हा सांगू नकोस," कोपऱ्यातून कॉरिन म्हणाली. मायसीनं सलाईनची चकती फिरवली आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी त्याच्या हातात दिली. डार्ला बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही, आणि काहीच होत नाही म्हणून व्हर्न घाबरला. मग त्याचे हात लांब गेले. म्हणजे होते तिथेच, पण दुसऱ्या कुणाचे तरी. खुर्ची खालून सरकायला लागली. दंडाचा पट्टा मधूनमधून आवळायचा तेव्हा वाटायचं, एखादं मोठं जनावर आपल्याला तोंडात धरून कुठेतरी नेतंय. शांत वगैरे अजिबात वाटत नव्हतं. त्याला त्याचा ट्रक दिसला, पण बाहेरून, उंचावरून. खाली पांढऱ्या रस्त्यावर एक नारिंगी किडा पुढे जात होता, थांबत होता, मागे येत होता, पुन्हा पुढे. आणि तो विचार आला. नेहमीचाच. फाळाखाली कुणीतरी आहे. पण या वेळी तो शेजारच्या खोलीत कुणी मोठ्यानं बातमी वाचावी तसा आला. शब्द सगळे कळले. अंगावर मात्र आला नाही. व्हर्ननं त्याच्याकडे बघितलं. बघता बघता तो निघून गेला, मग दुसरा आला, तोही गेला. व्हर्नला वाटलं की आपण मेलोय, आणि मेलोय तर डार्लाला कोण सांगणार? मग तेही गेलं.

"माझे बूट कुठेत?" पट्टी काढल्यावर तो म्हणाला.

"पायात," मायसी म्हणाली. आणि एक भांडं त्याच्या हनुवटीखाली धरलं. ते बरोबर वेळेवर धरलं होतं.

परतीला गाडी डार्ला चालवत होती. त्या दिवशी व्हर्ननं स्टिअरिंगला हात लावायचा नव्हता. गावाच्या अलीकडे रेल्वेचं फाटक आहे, तिथे गाडी आदळतेच. गाडी आदळली. डार्लानं श्वास रोखला. व्हर्न बाहेर बघत होता.

मैलभर गेल्यावर तीच म्हणाली, "बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"काही वाटतंय?"

"भूक लागलीय जराशी."

घर येईपर्यंत तिनं आणखी तीनदा विचारलं. शेवटी व्हर्न म्हणाला, "आता तुला न्यायचं का त्या खुर्चीत?" दोघंही हसली, पण डार्लाचं हसू लवकर संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्न उठला आणि डोक्यात शांतता होती. ती त्याला सहन होईना. जन्मभर चालत्या इंजिनाशेजारी बसलेला माणूस, इंजिन बंद पडल्यावर त्याला आधी काय वाटणार? बिघाड. तो अंगणात गेला, आत आला, कॉफी ओतली, प्यायचा विसरला, पुन्हा अंगणात गेला. शेवटी त्यानं कॉरिनला फोन लावला.

"काहीच वाटत नाहीये मला," तो म्हणाला.

"छान."

"छान काय? उद्या खरंच कुणाला उडवलं आणि मला काहीच वाटलं नाही, तर? मी तसाच पुढे जाईन. ती शंका होती म्हणून आजवर..."

"म्हणजे काळजी वाटत नाही याची काळजी वाटतेय."

"हसू नकोस."

"हसत नाहीये. तुझं दुखणं कामाला लागलंय, नवीन दार शोधतंय. पिकअप काढ. मी तीन वाजता येते. डार्लालाही घे."

तीन वाजता तिघं निघाली. व्हर्न स्टिअरिंगवर, शेजारी डार्ला, मागे गुडघे सांभाळत कॉरिन. नियम तिनं आधीच सांगितले होते. आरसा गाडी चालवायला आहे, प्रेतं शोधायला नाही. मागे फिरायचं नाही. आणि व्हर्ननं काहीही विचारलं तरी डार्लानं उत्तर द्यायचं नाही.

शाळेमागचा रस्ता खडीचा, थंडीनं जागोजाग उचललेला. शाळा नुकतीच सुटली होती, कडेनं माणसं चालत होती. पहिला धक्का बसला. दुसरा. तिसरा जरा मऊ होता, आणि मऊ धक्के व्हर्नला सगळ्यात वाईट. त्याची मान आरशाकडे वळली, त्यानं ती ओढून पुढे आणली.

"डार्ला, काही नव्हतं ना?"

डार्ला खिडकीबाहेर बघत राहिली.

"कडेला ती लाल जाकिटातली बाई होती. ती दिसली ना तुला मागाहून?"

डार्लाचे ओठ आत गेले होते.

"अगं बोल की! हो म्हण नाहीतर नाही म्हण!"

"मला नाही येत हे!" डार्ला एकदम ओरडली. ती व्हर्नकडे नाही, मागे कॉरिनकडे वळून ओरडली. "तुम्हाला काय जातंय सांगायला, बोलू नका म्हणून? एकोणीस वर्षं हा माणूस घरी येतो आणि एक गोष्ट मागतो माझ्याकडे. एकच. बाकी याला काही नको असतं, ना वाढदिवसाला काही, ना कुठं जायला. ते एक 'काही नव्हतं' मी त्याला देऊ शकते. आता तेही देऊ नको म्हणता. मग मी याची कोण?"

व्हर्नला वाटलं थांबावं, गाडी कडेला घ्यावी. पण थांबणं म्हणजे जवळजवळ मागे फिरणंच. तो चालवत राहिला. छातीत शंका चढत होती, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. पूर्वी ती उकळत्या पाण्यासारखी असायची, हात घातला की मागे घ्यावाच लागायचा. आज पाणी कडकडीत होतं, पण हात आत ठेवता येत होता.

"म्हण," मागून कॉरिन हळूच म्हणाली.

व्हर्न रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी कुणाला मारलं असेल. नसेल. मला माहीत नाही."

"पुन्हा."

"मारलं असेल. मला माहीत नाही." त्याचा आवाज फाटला. "डार्ला, मी विचारतोय म्हणून तू बोलू नकोस. मी विचारणार. पण तू बोलू नकोस."

डार्लानं डोळे पुसले आणि हातमोजा दातांत धरला. चाळिसाव्या मिनिटाला ते गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर पोचले तेव्हा व्हर्नच्या लक्षात आलं की गेली पाच मिनिटं तो डोनटचा विचार करत होता.

पाच दिवस हेच चाललं. रोज तोच रस्ता, मग दुसरे. सहाव्या दिवशी व्हर्न कॉरिनला म्हणाला, "मला तुओमींकडे जायचंय."

कॉरिननं त्याच्याकडे नीट बघितलं. "कशाला?"

"एकोणीस वर्षं मी नसलेल्या माणसांसाठी ढीग उकरले. या एका खऱ्या माणसाचं माझ्यामुळे नुकसान झालं, आणि त्याच्याकडे मी एकदाही गेलो नाही. घरावरून जावं लागू नये म्हणून लांबून जातो."

"माफी मागून मोकळं वाटावं म्हणून जाणार असशील तर तेही उकरणंच आहे."

"ते माहीत आहे. तरी जायला नको का?"

"जायला हवं," ती म्हणाली. "एकदा जा. एकदा सांग. माफ केलं का, असं विचारायचं नाही."

आल्विन तुओमींनी दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आठ महिने लागले इथवर यायला. वाटेत किती वेळा मागे फिरलास?"

व्हर्न म्हणाला, "आज नाही फिरलो, मिस्टर तुओमी."

"मग ये आत. बूट पूस."

स्वयंपाकघरात त्यांनी कॉफी ओतली आणि वेलचीच्या गोड पावाचे दोन तुकडे पुढे ठेवले. त्यांना उभं राहून हे एवढं करतानाही दम लागत होता, आणि मदत करू का म्हणून विचारलेलं चालणार नाही हे दिसत होतं. व्हर्ननं सांगितलं. दुखणं काय आहे ते, त्या सकाळी तो तीनदा का फिरला ते. सबब म्हणून नाही, झालं तसं. "माझ्यामुळे तुमची गाडी अडकली. मला वाईट वाटतं." एवढं बोलून तो थांबला.

तुओमी पाव चावत होते. "पंचवीस मिनिटं. मी छताकडे बघत पडलो होतो. ॲम्ब्युलन्सवाली पोरगी माझा हात धरून बसली होती आणि तुला शिव्या देत होती. इतक्या सुंदर शिव्या मी खाणीत कामाला होतो तेव्हाही ऐकल्या नव्हत्या. त्यातली एक लक्षात ठेवायचा प्रयत्न करत होतो, म्हणून जागा राहिलो."

व्हर्न हसला नाही. त्याला हसवत नव्हतं.

"आता जिना चढवत नाही. लाकडं फोडवत नाहीत. सौनाच्या वाफेत पाच मिनिटांवर बसलो तर डॉक्टरीणबाई ओरडते. मला राग आहे तुझा, पोरा. उद्याही असेल. तू आजारी होतास हे कळलं, बरं झालं कळलं. पण राग आहे."

व्हर्नच्या जिभेवर प्रश्न येऊन उभे राहिले. किती राग? कमी होईल का कधी? मी आलो ते बरं केलं ना? त्यानं कप दोन्ही हातांनी धरला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"काय ठीक आहे?"

"राग आहे ते."

म्हाताऱ्यानं हातातला पाव खाली ठेवला. मग म्हणाला, "कुऱ्हाड शेडमध्ये आहे."

व्हर्ननं दोन तास लाकडं फोडली. तुओमी खिडकीतून बघत होते आणि अधूनमधून काच वाजवून, आडवं नको, उभं धर, असं हातानं सांगत होते. कॉरिनला त्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा तो पुटपुटला, "हेही प्रायश्चित्तच झालं का?"

"लाकडं फुटली?"

"फुटली."

"मग झालं तर."

पण तीन दिवसांनी सकाळी, दात घासताना, त्याच्या मनात आलं : कुऱ्हाड आपण कुठे ठेवली? भिंतीला टेकवून की जमिनीवर? जमिनीवर असेल, म्हातारा अडखळेल, पात्यावर पडेल. शेजारच्या खोलीतली बातमी आता त्याच्याच खोलीत वाचली जात होती. त्यानं तोंड धुतलं. "माहीत नाही," असं आरशाकडे बघून म्हटलं. डार्ला कामावर गेली होती. तो पिकअपमध्ये बसला, उतरला, बसला. आणि गेला.

शेडकडे जाताना खिडकी उघडली.

"काय विसरलं?" तुओमी ओरडले.

व्हर्न अंगणाच्या मधोमध उभा राहिला. "काही नाही."

"मग जा घरी!" खिडकी बंद झाली. पडदाही ओढला गेला.

तो गेला. कुऱ्हाड न बघता गेला, पण आला होता हे खरंच होतं. त्या दिवशी त्यानं डार्लाला नऊ वेळा विचारलं की कुऱ्हाडीनं माणूस मरू शकतो का. पहिल्यांदा डार्लाचं तोंड सवयीनं उघडलं. मग ती उठली, सिंकपाशी गेली आणि बटाटे सोलायला लागली. नवव्या वेळी ती मागे न वळताच म्हणाली, "मला माहीत नाही, व्हर्न." त्या दिवशी तिनं घरात दोन माणसांसाठी अकरा बटाटे सोलले होते.

"औषध उतरलं," व्हर्न कॉरिनला म्हणाला. "नऊ दिवसांत. सगळं फुकट गेलं."

"औषध उतरलं. तू पाच दिवस जे केलंस, ते कसं उतरेल?"

"म्हाताऱ्याकडे गेलो ना मी परत."

"आणि कुऱ्हाड न बघता आलास. सहा महिन्यांपूर्वी आला असतास?"

दुसऱ्यांदा औषध दिलं ते नोव्हेंबरच्या मध्याला. ते वाईट गेलं. या वेळी ट्रक उंचावरून दिसला नाही. व्हर्न स्वतःच ढिगाखाली होता, छातीवर बर्फ, वरून फाळ घासत गेल्याचा आवाज, आणि कुणीच मागे फिरत नव्हतं. तो रडायला लागला तेव्हा मायसीनं त्याचा हात धरला. "तुम्ही खोलीत आहात," ती एवढंच म्हणत राहिली. त्याचं बीपी चढलं होतं. अर्धा तास जास्त ठेवून घेतलं. गाडीत तो डार्लाला म्हणाला, "पुन्हा नाही." पण दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा हात ठेवता येण्याइतकंच गरम होतं, आणि या वेळी त्यानं कॉरिनची वाट बघितली नाही. एकटाच पिकअप घेऊन बाहेर पडला. तिसरी आणि शेवटची वेळ डिसेंबरच्या सुरुवातीला. तेव्हा काही दिसलंच नाही, नुसती गुंगी आली. तरी त्यानंतर तो रोज दीड तास गाडी चालवत होता, बर्फ पडायला लागल्यावरही. काही दिवस तो घामानं ओला होऊन परते. काही दिवस हरून परते. कॉरिनच्या मते दोन्ही दिवस धरायचे.

जानेवारीच्या अखेरीस, व्हर्न पुन्हा ट्रक चालवू शकतो, असं डॉक्टरांचं पत्र आलं. ड्वेननं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "दिवसाची पाळी. छोटा पट्टा. मागे फिरलास तर रेडिओवर सांग, लपवू नकोस. मी दुसरा ट्रक काढीन."

"आणि ओरडणार नाहीस?"

"ओरडेन की. पण ट्रक काढीन."

त्या हिवाळ्यात व्हर्न सात वेळा मागे फिरला आणि सातही वेळा त्यानं रेडिओवर सांगितलं. सातव्या वेळी ड्वेन नुसताच "बरं" म्हणाला. मार्चमध्ये ओल्या, जड बर्फाचं मोठं वादळ आलं. व्हर्न सकाळी निघाला आणि दुपारी चारला घरी आला. बूट काढले, हात धुतले, टेबलाशी बसला. डार्लानं ओव्हनमधून कीमा-बटाट्याचं भांडं काढून मधे ठेवलं. ती थांबली होती. तो वाढून घेऊन खायला लागला.

"कसं झालं?" शेवटी तिनंच विचारलं.

"जड होता बर्फ. पुलाजवळ एक धक्का बसला."

"मग?"

"मग घाम फुटला. पुढे गेलो."

"कशाचा होता?"

"माहीत नाही."

"म्हणजे जोरात होता की... मऊ?"

व्हर्ननं वर बघितलं. तिच्या हातातला डाव भांड्यावर तसाच राहिला होता. "डार्ला," तो म्हणाला, "मला खरंच माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि स्वतःला वाढून घेतलं. पण तो पूल काही तिच्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना पुलाशी आल्यावर तिनं गाडी हळू केली, खिडकीची काच खाली घेतली आणि कडेच्या ढिगाकडे मान लांबवून बघितलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. डार्लाचे कान लाल झाले. तिनं काच वर केली, गाडी पुढे काढली, आणि व्हर्नला यातलं काही सांगितलं नाही.